बल्बसमोर न बसवलेली बॅटरी

माझा नवरा चंद्रहास दाबके याला वस्तू टाकवत नाही. नेमका तो अशा देशात येऊन राहिला, जिथे टाकणं हेच एक शास्त्र आहे. जळणारा कचरा या वारी, न जळणारा त्या वारी, बाटल्यांची झाकणं वेगळी, मोठ्या सामानाला पैसे भरून स्टिकर लावायचा. शेजारपाजारचे लोक हे सगळं निमूट करतात. आमच्या घरी मात्र प्रत्येक वस्तू कचऱ्याच्या पिशवीच्या तोंडाशी जाऊन परत येते. "अजून चालेल गं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लग्नात मिळालेला मिक्सर अजून चालतो. म्हणजे भांडं मी धरून ठेवायचं आणि बटण त्याने दाबायचं.

एका बँकेच्या तोक्योतल्या ऑफिसात तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आम्ही आलो आणि तोक्योला लागून असलेल्या इचिकावाला फ्लॅट घेतला. पुढे त्याने नोकरी बदलली आणि आम्ही इथलेच झालो. आमच्या बिल्डिंगला लागून एक जुनं लाकडी घर आहे, ओकुबो-सान यांचं. तेव्हा त्यांची बायको फुमिए-सान हयात होती. आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत होता शाचो. शाचो म्हणजे कंपनीचा मालक. रान्चू जातीचा हा गोल्डफिश, डोक्यावर मोठं टेंगूळ, पाठीवर पर नाही, आणि चाल अशी की समोरून कारकुनांनी बाजूला व्हावं. नाव फुमिए-साननी ठेवलेलं. मूलबाळ नसलेल्या त्या घरात त्याचा रुबाब होता.

२०११ च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा बँकेने आमची तिकिटं काढली आणि आम्ही पुण्याला गेलो. निघताना फुमिए-साननी वाटेसाठी भाताचे गोळे करून दिले आणि आमची तुळशीची कुंडी स्वतःकडे नेली. आम्ही बॅगा ओढत स्टेशनकडे निघालो, त्या फाटकात उभ्या राहून हात हलवत होत्या. परत आलो तेव्हा तुळशीला नवी पानं फुटली होती. आम्ही नसताना इथे पाळीपाळीने वीज जायची. टाकीतला हवेचा पंप बंद पडला की मासा गुदमरतो, म्हणून दोघं म्हातारा-म्हातारी आलटूनपालटून पळीने टाकीतलं पाणी वर घ्यायची आणि परत ओतायची. फुमिए-साननी हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. चंद्रहास हसला नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "आपण पळालो, विभा."

"पळालो काय? ऑफिसनेच पाठवलं."

"त्यांना कोण पाठवणार होतं?"

मी चहा टाकला.

त्यानंतर त्याचं बॅटऱ्यांचं वेड सुरू झालं. गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून उचलून आणायचा. मला समजलं तेवढं शास्त्र सांगते. जुन्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो, किटलीच्या तळाशी क्षार बसतो तसा. नेहमीच्या चार्जरला तो थर दाद देत नाही. चंद्रहासने आकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून, हाताने तांब्याची तार गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात स्वतःचा चार्जर बनवला. तो सलग वीज द्यायचा नाही, बारीक बारीक झटके द्यायचा, आणि डब्यातून डासासारखा आवाज यायचा. त्या झटक्यांनी आठवडेच्या आठवडे घेत थर उतरतो, निदान काहींचा तरी. आमच्या बाल्कनीत अ‍ॅसिड ठेवायला बिल्डिंगच्या व्यवस्थापकाने मनाई केली, तेव्हा ओकुबो-साननी आपल्या अंगणातली सामानाची खोली त्याला दिली. भाडं घेतलं नाही.

सगळ्या बॅटऱ्या उठत नाहीत. आणि काही उठल्याचं नुसतं सोंग करतात. मीटर लावला तर आकडा पूर्ण, पण जरा काम सांगितलं की मान टाकतात. म्हणून चंद्रहासचा एक नियम होता. चार्ज झालेल्या बॅटरीला गाडीचा मोठा बल्ब लावायचा आणि समोर स्टूल टाकून बसायचं. बल्ब तासन् तास न मंदावता जळला तर पास. बल्बसमोर बसवल्याशिवाय एकही बॅटरी बाहेर जायची नाही. मी म्हणायचे, माझ्या बाबांनी तुला एवढं पारखून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पास झालेल्या बॅटऱ्यांना तो नावं द्यायचा, तीही नातेवाइकांची, आणि चिकटपट्टीवर मराठीत लिहून लावायचा. सगळ्यांत दमदार निघाली तिचं नाव पद्मिनीआत्या. त्याची ही आत्या चाळीस माणसांचा स्वयंपाक करून वर विचारायची, अजून कोणी जेवायचं राहिलंय का? ती बॅटरी ओकुबो-सानच्या टाकीखाली गेली. वीज गेली की छोटा पंप आपोआप तिच्यावर सुरू होईल अशी जोडणी त्याने करून दिली. "आता पळी नको. दोन दिवस आरामात चालेल," असं त्याने सांगितलं तेव्हा फुमिए-साननी वाकून इतके आभार मानले की तो लाजला. मला वाटतं, त्या दिवशी त्याच्या मनातलं तुळशीचं ओझं उतरलं.

फुमिए-सान पुढे तीन वर्षांनी गेल्या. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, शाचोकडे बघा. आणि ओकुबो-सान बघत होते. सकाळी बायकोच्या फोटोसमोर उदबत्ती, मग माशाला दाणे, मग स्वतःचा चहा, हा क्रम कधी चुकला नाही.

आता २०१९ चा गणपती. आमचं छोटंसं मंडळ शनिवार-रविवारी पालिकेचा हॉल घेऊन गणपती करतं. त्या वर्षी मखर ज्या कोपऱ्यात आलं तिथे विजेची सोय नव्हती आणि जमिनीवरून वायर ओढायला हॉलवाल्यांनी मनाई केली होती. सगळे चंद्रहासकडे बघायला लागले. तो फुलला. "मरणातून उठवलेल्या बॅटरीवर बाप्पाचं लायटिंग करतो," म्हणाला. पाटीसुद्धा लिहून घेतली.

सामानाच्या खोलीत त्या वेळी बाकी बॅटऱ्या जेमतेमच होत्या. चार लोकांत लायटिंग मंदावलं तर शोभा होणार. मग शनिवारी सकाळी त्याने काय केलं, तर ओकुबो-सानच्या घरी जाऊन "चार्ज करून आणतो" म्हणत पद्मिनीआत्याला उचललं आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. ती तशी नवीनच उठलेली होती. मीटरवर आकडा पूर्ण होता, पण बल्बसमोर अजून बसलेली नव्हती. चिकटपट्टी मात्र अगोदरच लावून झाली होती : दिगंबरकाका. हे त्याचे खरे काका. सदैव इस्त्रीचे कपडे, आणि प्रसंगाला कधी उपयोग नाही. पास झाली तर नाव बदलू, असा विचार होता. दोनच दिवसांचा तर प्रश्न, असंही वाटलं असणार.

लायटिंग काय झालं म्हणता! दोन दिवसांत एक दिवा मिचकला नाही. लोक बाप्पाचे फोटो काढण्याआधी पाटीचे काढत होते. रविवारी दुपारी बातमी आली की मोठं वादळ येतंय, संध्याकाळनंतर गाड्या बंद होणार. आरती उरकली, जो तो आपापलं सामान घेऊन पळाला. पद्मिनीआत्या हॉलच्या कपाटात राहिली. सोमवारी आणू, असं चंद्रहास म्हणाला.

वादळ येऊन गेलं. सोमवारी सकाळी आमच्या भागात वीज नव्हती आणि आकाश स्वच्छ, ऊन असं की रस्ता तापलेला. पलीकडच्या वस्तीत ओकुबो-सानची थोरली बहीण एकटी राहायची, तिच्या घराची कौलं उडाली होती. ओकुबो-साननी टाकीजवळ कान लावून पंपाची घरघर ऐकली, टाकीवर ओला टॉवेल घातला आणि बहिणीकडे गेले. दोन दिवस आरामात चालेल, असं त्यांना सांगितलेलं होतं ना. चंद्रहास तेव्हा ऑफिसला जायला म्हणून स्टेशनवरच्या रांगेत अडकलेला.

संध्याकाळी परत आले तेव्हा पंप गप्प होता आणि शाचो पाण्यावर आडवा तरंगत होता.

दोन दिवसांनी ते आमच्या दारात आले. काळा कोट घातलेला. एका हातात तांदळाच्या बिस्किटांचा डबा, दुसऱ्या हातात रुमालात गाठ मारून बांधलेली बॅटरी, पुसून लख्ख केलेली. चंद्रहासने दार उघडलं. मी मागे उभी होते.

"दाबके-सान, क्षमा करा," ते कमरेत वाकून म्हणाले. "वादळाच्या आदल्या दिवशी मी टाकीखाली झाडायला म्हणून ही सरकवली होती. माझ्या हातून काहीतरी बिघडलं. तुम्ही इतक्या मेहनतीने केलेली वस्तू मी खराब केली."

"नाही, नाही," चंद्रहास म्हणाला. जपानीत असं कोणी माफी मागितली की "नाही, नाही" म्हणायचंच असतं. त्यामुळे त्याचा खरेपणा शिष्टाचारात विरून गेला. ओकुबो-सान आणखी वाकले. याने डबा घेतला, बॅटरी घेतली, आणि तोही वाकला.

दार लागल्यावर मी रुमाल सोडला. चिकटपट्टी बघितली. ओकुबो-सानना मराठी वाचता येत नाही, पण मला येतं.

"हे दिगंबरकाका तिकडे कसे?" मी विचारलं.

तो बिस्किटांच्या डब्याकडे बघत राहिला. मग सगळं सांगितलं. मी चिडले, आणि मी चिडते तेव्हा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांग त्यांना!"

"उद्या जातो."

तो उद्या काही उजाडला नाही. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेला आणि तसाच पुढे बाजारात जाऊन कांद्याची पात घेऊन परत आला. पुढच्या वर्षी कोरोना आला आणि याला आयतं निमित्त मिळालं. म्हाताऱ्या माणसाच्या घरी कशाला जायचं, म्हणाला. चार्जरचा डबा कपाटात गेला. मिक्सरला तेवढ्यात घरघर लागली, तर "टाकून दे" म्हणाला. लग्नापासून त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला भीती वाटली.

तो माझ्याशी एकदाच स्पष्ट बोलला. "मासा मेला याचं वाईट वाटतंच. पण मी ती बॅटरी दिली नसती तर ते पळी घेऊन बसले असते, विभा. घर सोडून गेलेच नसते. चांगली बॅटरी मी आपल्या लोकांच्या कौतुकासाठी नेली आणि त्यांच्याकडे काय ठेवलं? आकडा." मग तो रडला. मी त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दोन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी, बाजारातून येताना आम्हाला ओकुबो-सानच्या फाटकाशी ती टाकी दिसली. कोरडी, स्वच्छ, आणि वर मोठ्या कचऱ्याचा स्टिकर. ओकुबो-सान शेजारीच होते. मी म्हटलं, एवढी चांगली टाकी का टाकता? दुसरा मासा आणा.

"नको," ते म्हणाले. "ज्या हाताने एक सांभाळता आला नाही, त्या हाताने दुसरा कशाला?"

चंद्रहासने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. तिथेच, रस्त्यावर, त्याने सगळं सांगितलं. गणपती, मखर, पाटी, चार्ज करून आणतो म्हणून मारलेली थाप. त्याचं जपानी ऑफिसमध्ये फाडफाड चालतं, पण त्या दिवशी तो लहान मुलासारखे तुटक शब्द जोडत होता. "तुमच्या झाडण्याने काही झालं नव्हतं. तुमचा काहीच दोष नव्हता. मी केलं ते," असं म्हणून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

मला वाटलं, आता ओकुबो-सान "नाही, नाही" म्हणतील. इथली माणसं म्हणतात. ते म्हणाले नाहीत.

"दाबके-सान, शाचो गेल्यापासून मी रोज सकाळी फुमिएच्या फोटोसमोर बसून तिची माफी मागतो. रोज. तुम्ही समोरच्या खिडकीत चहा पीत असायचात."

चंद्रहासने मान वर केली नाही. मलाही तिथे उभं राहणं अवघड झालं.

"उद्यापासून तुम्ही मागा," ओकुबो-सान म्हणाले, आणि आत गेले. टाकी तिथेच राहिली. सोमवारी गाडी येऊन ती घेऊन गेली.

तेव्हापासून चंद्रहास रोज सकाळी स्टेशनवर जाण्याआधी त्यांच्या घरी जातो. बूट काढतो, उदबत्ती लावतो, फोटोसमोर मांडी घालून बसतो. माफी मराठीत मागतो. जपानीत ती पाठ केल्यासारखी वाटते, म्हणतो. ओकुबो-सान मागे बसून त्यांचा चहा पितात. याला विचारत नाहीत. बोलणं होत नाही. याने बूट घातले की ते दार लावून घेतात.

परवा मी त्याला विचारलं, "आणखी किती दिवस?"

"त्यांनी सांगितलं नाही," तो म्हणाला. "आणि मी विचारणार नाही."