टायरवाल्या भावजींनी कापलेल्या कड्या

आमच्या सासऱ्यांची जुनी, दणकट पिकअप चाकांपायी दारात उभी होती. त्या काळच्या चाकांवर टायर धरून ठेवायला वेगळी लोखंडी कडी असे. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, टायरवाले भावजी, त्यांत हवाच भरेनात.

"अरे, बाबांनी तीस वर्षं चालवली," हे म्हणाले.

"म्हणूनच. कड्या गंजल्यात. माझा थोरला भाऊ अशाच कडीनं गेला. हवा भरताना उडाली ती थेट छातीवर. उद्या तुला काही झालं, तर ह्या वहिनींना काय तोंड दाखवू?"

मग चार महिने भावजींनी भंगारबाजार पालथे घातले. बिनकडीची अखंड चाकं एकदा मिळालीही, बोल्टची भोकं जुळली, पण ती हलक्या गाडीची निघाली. एवढं ओझं पेलणार नाहीत म्हणून त्यांनी ती परत केली.

हे वैतागले. "चाकं शोधतोयस की मुलीला स्थळ?"

भावजी हसले नाहीत.

शेवटी हवी तशी चार मिळाली. ती बसवून झाल्यावर हे म्हणाले, "जुनी विकून टाकू. घेईल कुणीतरी."

भावजींनी गॅस कटर पेटवला आणि चारही कड्यांचे तुकडे केले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, त्यांच्या थोरल्या भावासाठी.