अर्जुनाचा लांडगा

अर्जुनाइतका दैवानं मागे लागून छळलेला माणूस मी पाहिला नाही, आणि दैवाला स्वतःहून इतकी मदत करणाराही पाहिला नाही.

मी वाईचा. बेचाळीस साली म्हसवडजवळच्या एका वाडीवर मास्तर म्हणून गेलो. शाळा देवळात भरायची आणि देवळामागे अर्जुना विरकराचा मेंढवाडा होता. जातीचा धनगर, अंगानं सडपातळ, बोलायला मवाळ. पस्तीस-एक मेंढ्या, बायको सगुणा आणि ढवळी नावाची पांढरी कुत्री, एवढा त्याचा संसार. मूलबाळ नव्हतं. मेंढ्यांतल्या बारा सगुणानं माहेरचं आंदण म्हणून आणलेल्या. ढवळीही तिचीच, पिल्लू असताना आटपाडीकडून पदराखाली घालून आणलेली.

त्या माळावर लांडगे फार. लांडगा कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळे ठोकलेला पट्टा बांधतात. तो वर्षातून एकदाच सुटतो, दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी मेंढ्यांना ओवाळायचं, कुत्र्याला अंघोळ घालून दूधभात द्यायचा. त्रेचाळीसच्या पाडव्याला अर्जुनानं ढवळीचा पट्टा काढून तेल लावायला ठेवला आणि आल्यागेल्याशी बोलण्याच्या नादात परत बांधायचा विसरला. नेमका त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला लांडगा वाड्यात शिरला. ढवळी आडवी गेली ती तिथंच पडली. मग त्यानं मेंढ्या फाडल्या. नऊ गेल्या, आणि नऊच्या नऊ आंदणातल्या.

सगुणा रडली नाही. सकाळी गाठोडं घेऊन उभी राहिली. "ज्यानं माझी ढवळी फाडली त्याचं कातडं घिऊन या. तवाच मी ह्या वाड्यात पाय ठेवीन," एवढं म्हणाली आणि आटपाडीच्या वाटेला लागली.

आता रुसून माहेरी गेलेली बाई आपल्या पायानं परत येत नसते. नवऱ्यानं जायचं, सासऱ्याच्या दारात चार माणसांदेखत दोन शब्द खाली मान घालून ऐकायचे, आणि तिला घेऊन यायचं. हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. मी त्याला आठच दिवसांत म्हणालो, जाऊन ये. तर म्हणतो, "मास्तर, कातड्याबिगर कुठल्या तोंडानं जाऊ? पट्टा मीच सोडलावता."

बाई सोडा, आता याला लांडगा पाहिजे होता.

पहिल्या उन्हाळ्यात त्यानं ओढ्याकाठी खड्डा खणला. पुरुषभर खोल, वर तुराट्या, त्यावर पाला, आणि पलीकडे एक कोकरू बांधलेलं. लांडगा काही आला नाही. चावडीचा शिपाई सकाळच्या कामाला ओढ्याकडे गेला आणि तांब्यासकट आत पडला. त्याचा पाय मोडला. अर्जुनाला दोन दिवस चावडीत बसवून ठेवलं, आणि तेवढ्यात ते बांधलेलं कोकरू उपाशी मेलं. वाडी आठवडाभर हसली. मीही हसलो.

त्यानंतर तो माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आला. "ल्ह्या, कातडं घिऊन येतू. जरा कळ काढ." मी विचारलं, आणखी काही? म्हणाला, "आनी काय? तिनं सांगितलंय तेवढंच." मी शहाणा, सांगितलं तेवढंच लिहिलं. 'तुझी आठवण येते' ही एक ओळ मी पदरची घातली असती तर माझं काय जाणार होतं? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो.

दुसऱ्या वर्षी त्यानं वाडीतल्या नानासो हवालदारांची ठासणीची बंदूक मागून आणली. लढाईमुळे चांगली दारू कुठं मिळत नव्हती. यानं जत्रेत आतषबाजी करणाऱ्याकडून दारू आणली आणि अंदाजानं ठासली. तीन दिवस करवंदीच्या जाळीत बसल्यावर लांडगा खरोखरच समोर आला. अर्जुनानं चाप ओढला आणि बंदुकीची नळीच फुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. लांडगा, तो सांगायचा, जरासा बाजूला झाला आणि निवांत चालत गेला.

शिमग्याला सगळी वाडी मिळून शिकारीला जाते. एका बाजूनं हलगी वाजवत जनावर उठवायचं आणि दुसऱ्या बाजूला जाळं लावून उभं राहायचं. सेहेचाळीसच्या शिमग्यात लोकांनी अर्जुनाला कोपऱ्यातली, सहसा काही न येणारी जागा दिली. लांडगा तिथंच आला. जाळ्याला धडकला, आणि जाळं अंगावर पडायच्या ऐवजी गाठच सुटली. तीन बोटांच्या हातानं मारलेली गाठ ती, किती धरणार? त्या दिवसापासून अर्जुना वाटेत दिसला तर शिकारीला निघालेली माणसं मागे फिरायची. मेंढ्याही त्यानं एकेक करत विकून टाकल्या होत्या. माझी चेष्टा करायची इच्छा कधीच मेली होती.

त्याच वर्षी सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला सगुणाचा भाऊ भाऊसो म्हसवडला आला. भर गर्दीत याला शोधत हिंडत होता. त्यानं लांबून हाक मारली, "दाजी, आवं दाजी!" अर्जुना गुलालात तोंड लपवून माणसांच्या आडून निघून गेला. मला संध्याकाळी सांगितलं, "मोकळ्या हातानं मेव्हन्याला काय तोंड दावू?" मी चिडून त्याला नाही नाही ते बोललो. तो ऐकून घेऊन गेला.

आणि माघात लांडगा मिळाला. शिकार कसली, माळावरच्या कोरड्या विहिरीत आपण होऊन पडलेला. अर्जुना सरपणाला गेला होता, त्यानं आतून कुईकुई ऐकली. कुऱ्हाड घेऊन खाली उतरला. म्हातारं जनावर, मागचे पाय मोडलेले. त्यानं गुरगुरूनही पाहिलं नाही. लोक म्हणाले, त्योच कशावरनं? अर्जुना म्हणाला, "माझ्यापुरता त्योच."

कातडं मीठ लावून वाळवलं, खांद्यावर टाकलं आणि तो आटपाडीला निघाला. धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. मला म्हणाला, "मास्तर, उद्या आमच्याकडं जेवायला."

तिसऱ्या दिवशी तो एकटाच परत आला. पुढचं त्यानंच मला सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं.

सासऱ्याच्या दारात गेला तेव्हा सगुणा अंगणात लोकर विंचरत होती. शेजारी बाजेवर एक परका माणूस बसला होता. पंचांनी तीन वर्षं वाट पाहून तिला मोकळी केली होती, आणि पंधरा दिवसांपूर्वी त्या माणसाशी तिचा पाट लावला होता. भाऊसो रथाला आला होता तो हेच सांगायला, की पंच बसणार आहेत, एकदा येऊन तिला घेऊन जा.

अर्जुनानं कातडं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. हात लावला नाही.

"मला कातडं काय करायचं हुतं?" ती म्हणाली. "रागाच्या भरात बोलली मी. दर बाजारच्या दिवशी वाटंला जाऊन हुबी ऱ्हायची. तुमी नुसतं आला असता, मोकळ्या हातानं आला असता, तरी मागनं चालत आली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हननार," अर्जुना म्हणाला. "बरं म्हनलं. आन प्यायला पानी मागितलं. लय लांबनं चालत गेलोवतो."