खांद्यावरचा बर्फ

वसुधा अचानक गेल्याचा फोन आला, आणि दुःखाच्याही आधी मनात आलं... आता सईचं कसं? माझ्या लेकीला तेव्हा आठवा महिना लागला होता. मूल पायाळू, बहुधा सिझेरियनच. आणि भूल वसुधामावशी देणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत वसुधा आणि मी एका बाकावर बसायचो. पुढे मी पुस्तकांत रमले, ती भूलतज्ज्ञ झाली. सईच्या वेळी माझंही सिझेरियन ठरलं, तेव्हा पाठीत सुई नको, मला सरळ झोपवून टाक, म्हणून मी हटून बसले. "अच्छा! आणि बाळाचं पहिलं रडणं काय शेजाऱ्यांनी ऐकायचं?" मग तिने शांतपणे समजावलं. स्पायनल म्हणजे एकच इंजेक्शन. भूल झटपट चढते, पण ठरावीक वेळच टिकते. एपिड्युरलमध्ये पाठीत बारीक नळी ठेवतात. भूल सावकाश चढते, पण लागेल तशी वाढवता येते. माझं आधी गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सिझेरियनला जास्त वेळ लागू शकला असता. म्हणून तिने दोन्ही एकत्र द्यायचं ठरवलं. "ओढल्यासारखं वाटेल, यार. पण दुखलं तर सोसायचं नाही, मला सांगायचं."

टेबलावर तिने हातमोज्यात बांधलेला बर्फ आधी माझ्या खांद्याला, जिथे भूल नव्हती तिथे, लावला, मग पोटाला, मग छातीखाली. "इथे खांद्यासारखं थंड लागतंय?"

"थोडं..."

मोठे सर्जन घाईत होते. "चलो डॉक्टर, शुरू करें?"

वसुधा नोकरीत नवीन. "नहीं सर. इसे अभी ठंडा लग रहा है." तिने नळीतून आणखी औषध दिलं. पुन्हा बर्फ, पुन्हा तोच प्रश्न. सगळे थांबून राहिले... बर्फाचा नुसता स्पर्श उरला, तेव्हाच तिने मान हलवली. सईचं रडणं मी ऐकलं.

परवा गुरुग्रामच्या हॉस्पिटलात सईच्या भूलतज्ज्ञ बाईंना भेटलो. वयाने सईएवढ्याच. मी एरवी चारचौघांत गप्प बसणारी. पण स्पायनल की एपिड्युरल, का, कमी पडली तर काय, सगळं विचारलं. "आई, बस ना," सई पुटपुटली.

"और शुरू करने से पहले जाँचेंगी कैसे?"

"बर्फ से, आंटी. ठंडा लगे तो रुकेंगे."

"सर्जन जल्दी में हों, तो?"

त्या हसल्या. "तब भी रुकेंगे."

घरी येऊन मी ट्रेमधला बर्फाचा खडा काढला आणि खांद्यावर धरला. थंड लागलं, चांगलंच... मग वसुधासाठी रडायला बसले.