हुकलेली ऑक्टोबर छाटणी

आइंडहोवनमधल्या आमच्या गल्लीत असं एकही झाड नाही, ज्याला आमच्या शेजारणीच्या सासऱ्यांनी नावं ठेवली नाहीत. झाडाला म्हणजे अर्थात त्याच्या मालकाला. हे काका नाशिककडचे द्राक्षबागायतदार. नातू झाला म्हणून दोन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. पुढे विमानं सुरू झाली, पण मुलगा त्यांना ह्या वयात विमानात बसू देईना. मग हा माणूस गल्लीभर हिंडायचा आणि कुंपणावरून लोकांच्या परसात डोकावायचा. आमचं सफरचंदाचं झाड पाहून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "ताई, छाटणी केलीय का बैल सोडला होता?" केली होती माझ्या नवऱ्यानं, व्हिडिओ बघून. तो आत मीटिंगमध्ये होता म्हणून वाचला.

काकांचे नियम कडक. फांदी जिथून फुटते तिथे जाडसर कडं असतं, त्याला धक्का न लावता अगदी लगत कापायचं. खुंटी ठेवली तर ती कुजते, फार आत कापलं तर जखम भरत नाही. जड फांदीला आधी खालून काप द्यायचा, नाहीतर पडता पडता साल सोलून नेते. आणि एक झाड झालं की कात्री पुसायची. सॅनिटायझर कुठे मिळत नव्हतं त्या दिवसांत सुनेनं दाराशी ठेवलेली बाटली काकांच्या कात्रीनं संपवली, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. काका शांतपणे म्हणाले, "रोग काय फक्त माणसालाच होतो का?"

ऑक्टोबर उजाडला तसे काका बेचैन. नाशिककडे तेव्हा द्राक्षाची छाटणी. वर्षाचं पीक तिच्यावर. जन्मात पहिल्यांदाच ती त्यांच्यावाचून व्हायची होती, धाकट्या भावाच्या हातून. रोज व्हिडिओ कॉल. "अरे, काडीवरचे डोळे मोज आधी! हात आखड!" भाऊ "हो दादा" म्हणून फोन खिशात टाकायचा, मग काकांना नुसता अंधार दिसायचा. त्याच भरात एक दिवस काका कात्री घेऊन आमच्या परसात हजर. झाडावर अजून सफरचंदं लटकत होती! पलीकडचे डच आजोबा कुंपणापासून दीड मीटरवर उभे राहिले आणि मान हलवत, कॉलर वर ओढून त्यांनी कुडकुडून दाखवलं. म्हणजे, थंडीत काप. काकांना लगेच पटलं. "बरोबर आहे त्यांचं. मी इथेही नाशिकचंच पंचांग घेऊन बसलो."

फेब्रुवारीत झाड उघडं असताना त्यांनी छाटणी केली, आणि काय केली! मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या गेल्या, झाडाच्या मधून उजेड दिसायला लागला. शेवटची फांदी उतरवली आणि भावाचा फोन आला. मी शेजारीच होते. माल निघाला होता, मणी टपोरे, व्यापारी खूश. "दादा, तू बिलकूल काळजी करू नकोस. असा माल तर आपल्याकडे कधीच निघाला नव्हता!"

"वा, वा. छान झालं," म्हणून काकांनी फोन ठेवला. कात्री पुसली आणि विचारलं, "ताई, अजून एखादी फांदी राहिली का?"

एकही राहिली नव्हती. पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी उगाच वरच्या एका फांदीकडे बोट दाखवलं. ते शिडी चढले, कात्री लावली आणि तसेच थांबले.

"नको. चांगली आहे ती," म्हणत खाली उतरले. "जन्मभर मला वाटायचं ताई, मी नसलो तर बाग बसेल."

मी म्हटलं, चहा टाकते.

"टाका," काका म्हणाले. "साखर जरा जास्त घाला. माल चांगला निघालाय ना."