आम्ही पाहिलेलं रंगून

दाताने दोरा तोडायचा, सुई टोपीच्या काठात खोचायची आणि मान न उचलता म्हणायचं, "भाऊ म्हनस ते खरं शे." भाऊ म्हणजे मी. नंदुरबारच्या बाजारपेठेत ज्याने हे वाक्य ऐकलं नाही, असा माणूस त्या काळी सापडला नसता.

तो शिंपी होता. आमच्याकडे मुसलमान शिंप्याला आदराने खलिफा म्हणतात, म्हणून मीही तेवढंच म्हणतो. तुमच्या गावातही असा एखादा असेल. सगळ्यांचे कपडे त्याच्या हातचे, आणि त्याचा स्वतःचा सदरा मात्र काखेत उसवलेला.

जपानच्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी एका मारवाडी सेठच्या पेढीवर हिशेब लिहायला होतो. मिरचीचे नमुने घेऊन सेठने मला रंगूनला पाठवायचं ठरवलं. एकटा जायला मी घाबरत होतो. खलिफाच्या मामाचं तिथे टोप्यांचं दुकान होतं, म्हणून तोही निघाला. अख्खं गाव स्टेशनवर आलं. हार माझ्या गळ्यात पडले. खलिफाच्या हातात मिरचीची थैली होती.

बोटीतच मला ताप भरला. रंगूनला उतरलो तो थेट धर्मशाळेतल्या खाटेवर. नमुने सेठच्या ओळखीचा एक माणूस खाटेवरूनच उचलून घेऊन गेला. परतीच्या बोटीवर चढेपर्यंत मी त्या खाटेवरून उठलो नाही. रंगून म्हणजे माझ्यासाठी एक पांढरी भिंत आणि तिच्यावरची पाल. मी लहान पोरासारखा रडायचो.

खलिफा मामाकडे उतरला होता. रोज संध्याकाळी तो यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचा.

"तू पडेल ऱ्हाय," तो म्हणायचा, "आते आयक, आज काय पाह्यं."

आणि मग रंगून उभं राहायचं. सोन्याचा पॅगोडा, आणि दोराला लटकून रेशमी फडक्याने तो पुसणारा म्हातारा. हाताएवढ्या जाड विड्या ओढत बाजार करणाऱ्या बायका. रस्त्यातच मांडव घालून रात्रभर चालणारे नाच. आणि सगळ्यांत भारी म्हणजे नाटकगृहाच्या दारातला हत्ती. सोंडेने तिकीट घ्यायचा, अर्धं फाडायचा आणि अर्धं परत द्यायचा.

"आनि बिनतिकीटना माणूस उना तं?" मी विचारायचो.

"त्याले सोंडवरी उचलीसन सरळ घर पोचाडस!"

हसता हसता मला घाम फुटायचा. ताप त्या घामानेच उतरला असावा.

परत आलो तेव्हा गाव पुन्हा स्टेशनवर. "भाऊ, काय पाह्यं?" खाट पाहिली, असं कसं सांगणार? मी पॅगोडा सांगितला. मग म्हातारा. मग हत्ती. त्या दिवसापासून मी रंगूनवाला भाऊ झालो. गणपतीत माझं व्याख्यान, लग्नात वऱ्हाडाच्या जानवशावर माझी बैठक. खापर गावच्या बैलबाजारात गेलो, तर माणसं बैलांचा सौदा अर्धवट टाकून यायची.

एकच भीती होती. खलिफा बोलला तर? म्हणून मी आधीच बंदोबस्त केला. प्रत्येक व्याख्यानात एक विनोद पेरला. "मी अख्खं शहर पालथं घातलं. आमचे खलिफा मात्र मामाच्या दुकानात टोप्याच शिवत बसले!"

लोक खदखदायचे. मागच्या रांगेतून कोणी ओरडायचं, "काय खलिफा, रंगूनले जाईसन बी सुईच पाही का?"

खलिफा दोरा तोडायचा. "भाऊ म्हनस ते खरं शे."

त्याचे डोळे मी चोरले आणि वर त्यालाच आंधळा ठरवला. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. दर वेळी टाळ्या पडायच्या आणि राहून जायचं.

मग लढाई रंगूनपर्यंत पोचली. आमच्या फेरीनंतर रंगूनला स्थायिक झालेला सेठचा पुतण्या घरदुकान तिथेच सोडून, जंगलातून पायी, हाडांचा सापळा होऊन आला. सेठने कौतुकाने माझं व्याख्यान ठेवलं आणि त्याला पुढे बसवलं. मी हत्तीपर्यंत आलो तेव्हा तो पोरगा म्हणाला, "कौनसा थेटर, भाईसाब? हाथी तो हमने कभी देखा नहीं."

इतक्या वर्षांची अब्रू त्या एका सोंडेवर टांगलेली.

मागच्या रांगेत खलिफा उठला. सभेत उठायची त्याची पहिलीच वेळ. "हत्ती व्हता. मी बी पाह्या."

"कौनसा थेटर?"

"जे जळनं ना, ते."

"सब जल गया, चाचा," पुतण्या म्हणाला आणि तोंड झाकून रडू लागला. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. खलिफा त्या पोरासाठी कोट शिवत होता, न सांगता, न माप घेता. मी म्हणालो, "खलिफा, तुम्ही पाहिलेलं सगळं मी माझं म्हणून खपवलं. आता लोकांना खरं सांगतो."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मी काय पाह्यं? मामानी दिनभर दुकानबाहेर पाय काढू दिधा नही. सकायपासून टोप्याच शिवी ऱ्हायंतू."

"आणि हत्ती?"

"तू तापमा रडे. तुले काय टोप्या सांगू?"

मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे एवढ्या वर्षांत मी एकच खरी गोष्ट बोललो होतो, आणि तीच खोटी समजून बोललो होतो!

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू इतलं गोड सांगे भाऊ, माले बी वाटे, आपुन पाह्यं." मग हळूच म्हणाला, "आते सांगू नको. हत्ती मरी जाई."

मी सांगितलं नाही. हत्तीला वाचवण्यासाठी म्हणा, की स्वतःला. खलिफा गेला, तेव्हाही कबरस्तानातून परतताना कोणीतरी म्हणालं, "रंगूनला जाऊनही बिचाऱ्याने काही पाहिलं नाही." मी मान डोलावली.

परवा गणपतीत पोरांनी हत्तीची गोष्ट मागितली. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. पोरं एकमेकांकडे पाहून हसली. "आजोबा थट्टा करतात," एक म्हणाला.

मी सवयीने मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे चपलांचा ढीग होता. भाऊ म्हणतो ते खरं आहे, असं सांगणारं कोणी नव्हतं.