सड्यावरचं खोटं विवर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. कोयनेच्या डोंगरातलं एक मात्र अजून झोपमोड करतं.

साताऱ्याच्या एक बाई सकाळीच ठाण्यात आल्या. पती भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आदल्या दिवशी कोयनानगरकडे गेलेले, परतले नव्हते. फोन बंद.

"त्यांना लोह-अशनी जमवायचा नाद आहे," बाई म्हणाल्या. "आकाशातून पडलेलं लोखंड. अशनी आदळून झालेल्या परदेशातल्या विवरांजवळचे तुकडे घरात आहेत. आपल्या मातीतला एक तरी मिळावा म्हणून जीव टाकतात. कुणीतरी फोन केला, डोंगरात विवरं सापडलीत म्हणून."

हरवल्याची नोंद घेतली. फोनचं शेवटचं लोकेशन घाटात होतं. दुपारी उंब्रजच्या खबऱ्यानं कळवलं की, हायवेवरच्या हॉटेलातून प्राध्यापक त्याच्या माहितीतल्या एका ड्रायव्हरच्या जीपमधून गेले. त्या ड्रायव्हरला कुंडलजवळच्या वस्तीवरून ताब्यात घेतलं. पूर्वी तो फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामाला होता. जीपमध्ये गंजक्या लोखंडाचे ओबडधोबड गोळे मिळाले.

"घाटात उतरवलं साहेब. फुडचं ठावं न्हाई."

हवालदारानं आवाज चढवला तसा तो आणखीच मिटला. लबाड माणूस सहसा बोलत राहतो. हा गप्प होता आणि सारखा खिडकीबाहेर बघत होता. मी हवालदाराला बाहेर पाठवलं.

"आभाळाकडं काय बघतोस?"

"पाऊस येईल का वो साहेब?"

"आला तर काय होईल?"

तो उठून खिडकीपाशी गेला. म्हणजे प्राध्यापक पाणी भरेल अशा जागी होते.

"ते जिवंत असतील तर तुझ्यामुळं वाचतील. बोल."

"जांभ्या दगडाच्या जुन्या खाणीत पडलंत त्ये. फोन मीच केला हुता. खाणीचं खड्डं इवर म्हणून दाखवलं, त्येंना इकायला भट्टीतलं लोखंड पुरून ठेवलं हुतं. त्येंनी लगीच वळखलं. रागानं मागं फिरलं आन् पाय सटाकला. म्या ढकललं न्हाई, आईशप्पत! हाका मारल्या, ओ दिली न्हाई. लय भ्यालो, पळालो."

त्याला घेऊनच निघालो. घाटात पाऊस केव्हाचा कोसळत होता. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, धुकं इतकं दाट की खड्ड्यांच्या कडा दिसेनात. ड्रायव्हरच पुढं धावला, "आवं सर! सर!" ओरडत. बऱ्याच वेळानं खालून क्षीण आवाज आला.

पाणी प्राध्यापकांच्या कमरेपर्यंत चढलं होतं. पाय मोडलेला. दोर सोडून वर काढलं. रुग्णवाहिकेत माझं मनगट धरून म्हणाले, "शंका पहिल्या फोनलाच आली होती. पण ते खरं असावं असं फार वाटत होतं हो."

ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. त्याचं सहकार्य मी कागदावर आवर्जून नोंदवलं.

तेव्हापासून चौकशीत माणूस काय सांगतो, त्याआधी तो कशाला घाबरलाय हे मी बघू लागलो. स्वतःची कातडी वाचवणारा खोटं बोलतो. दुसऱ्याच्या जिवाला घाबरलेला मात्र खरं सांगायला एक कारण शोधत असतो. ते त्याला वेळेत द्यावं लागतं.