आजोबांच्या कागदांतली तीन पत्रं

मित्रहो, आज दुपारी मी खोटं बोलले.

माझे आजोबा साठच्या दशकात राळेगावकडच्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांना आलेल्या जुन्या पत्रांचं प्रदर्शन मी रविवारी भरवते आहे. सगळी आभाराची पत्रं.

तीन पत्रं मात्र मी कपाटात ठेवली. बौद्ध वस्तीतल्या एका माणसानं लिहिलेली: ‘गावच्या विहिरीत नारूच्या रोगाचं औषध टाकलं. आम्ही पितो त्या नाल्यातल्या झिऱ्यात कोणी टाकलं नाही.’ तिन्हींच्या मागे आजोबांच्या अक्षरात एकच शब्द, ‘पाहू’.

प्रदर्शनाचं ऐकून आज त्या माणसाची मुलगी आली. आता साठीच्या आहेत.

“बाई, माया बापाच्या चिठ्ठ्या सापडल्या काय?”

“शोधतेय.”

“शोधा, शोधा! बापानं मरेस्तोवर वाट पाह्यली, मी इतवारपर्यंत पाह्यतो,” त्या हसत म्हणाल्या.

संध्याकाळी राहवलं नाही. त्यांना फोन करून सगळं सांगितलं, तो शब्दही वाचून दाखवला.  त्या म्हणाल्या, “माया बापाचं अक्षर कसं आहे वो? मी दोन वर्षाची होती तवाच गेला तो.”

उद्या पत्रं त्यांच्या घरी नेऊन देते आहे. प्रदर्शन भरवू की नको, हे त्यांना विचारायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला विचारते.